माईआत्याच्या वह्या आणि नर्मदेचा काठ

शनिवार, माघ शुद्ध षष्ठी : इंदूर

माईआत्याच्या वर्षश्राद्धाची तिथी माघ शुद्ध दशमी, म्हणजे येत्या बुधवारी आहे. परंतु आतेभावाने, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, चार दिवस आधीच ये असा आग्रह धरला होता. नर्मदाजयंतीला महेश्वरच्या घाटावर दिवे सोडायचे आणि तेथून पुढे ओंकारेश्वरला जाऊन कन्याभोजन घालायचे, हा आत्याचा नेम कित्येक दशकांचा. प्रवास झेपेनासा झाल्यावर तिने तो दादाच्या हातून चालवला, आणि गेल्या वर्षी तिच्या अंथरुणापासून कोणालाच हलता आले नाही म्हणून तो चुकला. ‘आधी नेम पुरा करू, मग श्राद्ध’ असे दादाचे म्हणणे होते आणि ते मला पटले.

पुण्याहून रात्री निघून सकाळी इंदूरला उतरले. रामबागेतल्या घरी वहिनीने पोह्यांवर शेव आणि जीरावन भुरभुरून बशी पुढे केली. घर तीनच खोल्यांचे आहे. पुढच्या ओसरीवर आत्याची लाकडी खुर्ची अजून तशीच आहे. तिच्यावर आता वर्तमानपत्रांची रद्दी साठते, आणि आत्याला ते मुळीच रुचले नसते.

आत्याचा जन्म १९३१ चा, वाईचा. १९५० मध्ये लग्न होऊन ती इंदूरला आली, तेव्हा होळकरांचे संस्थान मध्य भारतात विलीन होऊन दोन वर्षे झाली होती. ग्वाल्हेर ही त्या राज्याची हिवाळी राजधानी आणि इंदूर उन्हाळी. पुढे १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. राज्ये बदलली तरी आत्याचा पत्ता मात्र शेवटपर्यंत रामबागच राहिला. यजमान एका कापडगिरणीच्या कचेरीत कारकून होते. १९६५ मध्ये ते अचानक गेले, तेव्हा आत्या चौतीस वर्षांची होती आणि दादा पाच वर्षांचा. माहेरी परत ये, असे माझ्या आजोबांनी लिहिले. तिने उत्तरात एवढेच कळवले की येथील मराठी शाळेत नोकरी मिळाली आहे आणि पुढील महिन्यापासून पगार सुरू होईल. ते पत्र आमच्या घरी अजून आहे. त्यात दुःखाचा एक शब्द नाही, पण अक्षर नेहमीपेक्षा मोठे आणि सुटे आले आहे.

दुपारी दादाने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत, आणि दरवर्षीच्या दोन. एक घरखर्चाची, दुसरीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ आणि त्याखाली ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’. पगार पहिल्या वहीत जमा होई आणि त्यातली एक पै दुसरीत जात नसे. दुसरीत जमा होत ते शिकवण्यांचे पैसे आणि दिवाळीत लोकांना चकल्या-अनारसे करून दिल्याचे. १९८९ मध्ये ती निवृत्त झाली, दादा मिळवता झालेला होता, आणि त्या महिन्यापासून पेन्शनही सगळे दुसऱ्या वहीत दिसू लागते.

खर्चाच्या बाजूची काही पाने मी सावकाश वाचली. ‘चष्मा, एक.’ ‘बाळंतिणीस डिंक, खारीक, तूप.’ ‘रॉकेल, दोन घरी.’ ‘पुस्तके, इयत्ता आठवी, दोन संच, परत मागू नयेत.’ कोणाला दिले, ते एकाही ओळीत नाही. वहिनीने एकदा तसे विचारले होते, तेव्हा आत्या म्हणाली होती, ‘उद्या वही दुसऱ्या कोणाच्या हाती पडेल. त्याला नावं कशाला हवीत?’

ही पुस्तकांची नोंद १९९२ च्या जुलैतली आहे. १९९१ च्या डिसेंबरात हुकुमचंद मिल बंद पडली आणि हजारो कामगारांचे पगार एका दिवसात थांबले. मिल चालू होती तोवर आत्याचा त्या वस्तीशी संबंध अनंतचतुर्दशीच्या रात्रीपुरता होता. गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले सजवलेले देखावे, निघत, त्या पाहायला ती दादाला खांद्यावर घेऊन जात असे. मिल बंद झाल्यावर त्या घरांतली मुले संध्याकाळी ओसरीवर अभ्यासाला बसू लागली. कामगारांच्या थकलेल्या रकमेचा निकाल लागून तिचे वाटप सुरू व्हायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, तोवर त्या मुलांची मुले शाळेत जाऊ लागली होती.

आत्याबद्दल केवळ गोड लिहिले तर ते खरे होणार नाही. तिचे सोवळे मला लहानपणी जाचक वाटे. सुट्टीत आलेली आम्ही मुले स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी अडवली जायचो आणि पाण्याचा तांब्यासुद्धा मागून घ्यावा लागे. ते सोवळे तिने कधी जाहीरपणे सोडले नाही. ओसरीवर रोज पंधरा-वीस मुले बसू लागली, त्यांना खायला द्यायचे, भांडी विसळायला तीच मुले आत जाणार, तेव्हा उंबऱ्याचा नियम आपोआप मोडला आणि सोवळे देवघरापुरते उरले. नातेवाइकांनाही तिने उसने पैसे कधी दिले नाहीत. माझ्या वडिलांनी पुण्याचे घर बांधताना तिच्याकडे मागितले, तर ‘भाड्याच्या घरात तुमचं अडत नाही’ असे कळवून ती मोकळी झाली. वडील पुढे दोन वर्षे तिच्या पत्राला उत्तर देत नव्हते. ती मात्र दर महिन्याला लिहीत होती.

संध्याकाळी राजवाड्यापर्यंत पायी जाऊन आलो आणि सराफ्यात गराडू खाल्ले. थंडी बरीच होती.

रविवार, नर्मदाजयंती : महेश्वर

महेश्वरला जायचा सरळ रस्ता धामणोदवरून आहे, परंतु आत्या नेहमी महूवरून जाम दरवाज्याने जाण्याचा हट्ट धरी, म्हणून आम्हीही तोच रस्ता घेतला. महूचे लष्करी रस्ते मागे पडल्यावर चढण लागते आणि विंध्याच्या अगदी कडेला हा दगडी दरवाजा उभा राहतो. अहिल्याबाईंनी तो १७९१ मध्ये बांधवला. माळव्याचे पठार येथे संपते आणि खाली निमाड पसरलेला दिसतो. गहू-हरभऱ्याची शेते, मध्येच कापूस निघून गेलेली काळपट रिकामी रानं आणि दूर धुक्यात नर्मदेची रेघ. दरवाज्याजवळ चहा घेतला. आत्या येथे गाडी थांबवून डबा उघडी आणि गाडीवानाला किंवा ड्रायव्हरला आधी वाढी, हे दादाने ड्रायव्हरला चहा देता देता सांगितले.

घाट उतरून मंडलेश्वरमार्गे दुपारी महेश्वरला पोहोचलो. आज जयंती, त्यामुळे घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक नावांमधून नदीला लांबच लांब साड्या अर्पण करीत होते. साड्या काठाला परत आल्या की गोळा करायला मुले टपून असतात, आणि देवाला वाहिलेले कोणाच्या तरी अंगावर जाते ते मला बरेच वाटले.

किल्ल्यावरच्या वाड्यात आम्ही गेलो. अहिल्याबाईंचा वाडा म्हणून जे पाहायला लोक येतात त्यांची थोडी निराशा होत असावी. लाकडी खांबांचा, कौलारू, साधा चौक आणि ओसरीवर पांढऱ्या बैठकीची गादी. १७२५ मध्ये चौंडीला जन्मलेल्या, एकोणतिसाव्या वर्षी कुंभेरीच्या वेढ्यात पती गमावलेल्या आणि पुढे सासरे व मुलगा दोघेही लागोपाठ गेल्यावर १७६७ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतलेल्या या बाईने राजधानी इंदूरहून येथे आणली, आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी येथेच देह ठेवला. काशीविश्वनाथाचे देऊळ, गयेचे विष्णुपद, वेरूळचे घृष्णेश्वर, सोमनाथ, शिवाय ठिकठिकाणचे घाट, विहिरी आणि अन्नछत्रे ही यादी शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. मला या यादीपेक्षा तिच्यामागचा हिशेब अधिक महत्त्वाचा वाटतो. होळकरांच्या घरात सरकारी दौलत आणि खासगी अशा दोन वेगळ्या बाजू होत्या. खासगीची जहागीर पेशव्यांनी १७३४ मध्ये मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना दिली होती आणि त्यांच्यानंतर ती अहिल्याबाईंकडे आली. दानधर्माचा खर्च त्यांनी या खासगीतून केला, फौजेच्या आणि रयतेच्या पैशातून नव्हे. खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो कृष्णार्पण केल्याची जी गोष्ट सांगतात, तिच्यातही उदारपणाइतकाच काटेकोरपणा आहे.

आत्याच्या दोन वह्यांचा उगम येथलाच, याविषयी मला शंका नाही. शाळेत ती इतिहास शिकवी, आणि अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीला इंदुरात निघणाऱ्या पालखीच्या मागे दरवर्षी चालत जाई. आज अहिल्याबाईंचे नाव इंदूरच्या विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे, आणि चौकाचौकांत पुतळे आहेत. हातात शिवलिंग घेतलेली ती मूर्ती सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिच्या दुसऱ्या हातात एखाद्या शिल्पकाराने हिशेबाचा कागद दिला असता तर आत्याला फार आवडले असते.

काळोख पडल्यावर घाटाच्या खालच्या पायरीवर बसून दिवे सोडले. आत्याचा नियम असा, की दिवा कणकेचा करायचा आणि द्रोण पानाचा. म्हणजे माशांच्या पोटात जाईल ते अन्न जाईल. वहिनीने कणीक घरूनच मळून आणली होती. शेजारच्या विक्रेतीकडून थर्मोकोलचे द्रोण घेणाऱ्या एका कुटुंबाला तिने आपल्यातले चार दिवे दिले आणि विक्रेतीचा राग ओढवून घेतला.

सोमवार : महेश्वर ते ओंकारेश्वर

सकाळी लवकर पुन्हा वाड्यात गेलो, कारण लिंगार्चन पाहायचे होते. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेला हा विधी आजही रोज होतो. ब्राह्मण मांडी घालून बसतात, समोर काळ्या मातीचा मळलेला गोळा. चिमटीत माती घेऊन बोटाने वळून बोराएवढे लिंग करायचे, त्याच्या माथ्यावर तांदळाचा एक दाणा टेकवायचा आणि पाटावर ओळीत ठेवायचे. बघता बघता पाट भरतो. मंत्र चालू असतात, पण बोटांची गती त्यांच्या लयीवर नाही, आपल्याच सवयीवर चालते. पूजा झाली की सगळे नर्मदेत विसर्जित होते. माती पाण्यात विरते आणि दाणे माशांना. वहिनी म्हणाली की माईंनी पेन्शन सुरू झाल्यावर पहिल्या वर्षी येथे तांदूळ दिले होते. मी मोबाइलमध्ये काढून आणलेली त्या वर्षीची पाने पाहिली. ‘तांदूळ, महेश्वर, पाच किलो’ अशी ओळ निघाली.

राजराजेश्वराच्या देवळातले अकरा नंदादीप पाहून आणि अहिल्येश्वराला नमस्कार करून निघालो. बडवाहवरून मोरटक्क्याचा पूल ओलांडून पुढे जाताना रस्त्याच्या कडेने परिक्रमावासी दिसू लागले. पांढरे कपडे, खांद्यावर झोळी, हातात दंड आणि कमंडलू; कोणी ‘नर्मदे हर’ म्हणाले की तेही म्हणतात. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, तिचे पात्र कोठेही न ओलांडता ते चालतात. चातुर्मासात एका जागी थांबतात, आणि जुन्या रीतीने केली तर ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची होते. त्यांना वाटेत शिधा देण्याची जी पद्धत आहे ती सदावर्त. डाळ, तांदूळ, पीठ, मीठ, तेल एवढेच. शिजवायचे त्यांनी स्वतः, आणि घ्यायचे तेही त्या दिवसापुरते.

आत्याने परिक्रमा कधी केली नाही. नोकरी होती तेव्हा रजा नव्हती आणि निवृत्त झाल्यावर ओसरीवरची मुले होती. परंतु वाटेवरच्या एका आश्रमात ती दर वर्षी दिवाळीनंतर पोते-दोन पोती शिधा पाठवी, कारण चातुर्मास संपून देवउठनी एकादशीनंतर वाट भरू लागते. तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली एक सूचना त्या आश्रमाच्या कोठीतल्या भिंतीवर आजही चिकटवलेली आहे. आम्ही मुद्दाम थांबून पाहिली. ‘पिठात सोनकिडे नाहीत हे पाहून मगच द्यावे. खराब असल्यास मला कळवावे, बदलून पाठवीन.’ कोठी सांभाळणाऱ्या वृद्ध बाबांनी सांगितले, की धान्य पाठवणारे पुष्कळ आहेत, पण दिल्यावर ते कसे निघाले असे विचारणाऱ्या माईच एक होत्या. एकदा त्यांनी खरोखरच कळवले, तर आठ दिवसांत रामबागेतून नवे पीठ आले आणि जुने परत मागवून त्याचे पैसे दुकानदाराकडून वसूल झाले. दुकानदाराकडची ती वसुली वहीत जमेच्या बाजूला असणार, असे दादा हसत म्हणाला. नंतर इंदूरला पाहिले, होती.

संध्याकाळी ओंकारेश्वरला पोहोचलो. पलीकडच्या टेकडीवर आदि शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती आता लांबूनच दिसते. धरण, मूर्ती, पार्किंग यांनी गाव पुष्कळ बदलले आहे.

मंगळवार : ओंकारेश्वर

पहाटे पूल ओलांडून मांधाता बेटावर ओंकारेश्वराचे दर्शन घेतले आणि परत येऊन दक्षिण तीरावरच्या ममलेश्वराचे. परिक्रमावासींना नदी ओलांडता येत नसल्यामुळे परिक्रमा चालू असेपर्यंत ओंकारेश्वर त्यांना समोर दिसतो, पण भेटत नाही. ते ममलेश्वराला नमस्कार करून पुढे जातात आणि पूर्ण झाल्यावरच जवळचे नर्मदाजल घेऊन बेटावर येतात. आत्याही आधी ममलेश्वराला जाई. यंदा गर्दीमुळे आम्हाला क्रम बदलावा लागला.

कढाई गोमुख घाटाजवळच्या एका धर्मशाळेच्या अंगणात केली. परिक्रमेच्या आरंभी किंवा शेवटी नर्मदामाईला शिऱ्याचा नैवेद्य दाखवून कुमारिकांना जेवू घालतात, त्याला येथे कढाई म्हणतात. आत्या परिक्रमा न करताच ती घाली, आणि कोणी हटकले तर ‘चालणारे चालतात, मी त्यांच्या वाटणीचा रवा भाजते’ असे म्हणे. रवा वहिनीने भाजला. तूप सुटेपर्यंत, बदामी होईपर्यंत, आच मंद ठेवून. घाई केली की शिरा कच्चा राहतो आणि पोरी खात नाहीत, हेही माईंचेच. नावाड्यांच्या आणि हारफुले विकणाऱ्यांच्या एकवीस मुली जमल्या. त्यांचे पाय धुतले, कुंकू लावले, पाने वाढली. सगळ्यांत लहान मुलीला दक्षिणेच्या नोटेपेक्षा दुसऱ्या वेळचा शिरा हवा होता, तो तिला द्रोणात बांधून दिला.

आत्याच्या शेवटच्या वहीत तीन हजार दोनशे चाळीस रुपये शिल्लक होते. नोंद वहिनीच्या अक्षरात आहे, कारण तोवर आत्याच्या हातात पेन धरवत नव्हते; खाली तिने सांगितलेले ‘शिल्लक ठेवू नये’ हे शब्द आहेत. वर्षभर घरात यावर खल चालला होता. एका नातेवाइकाच्या मते त्यात भर घालून एखाद्या देवळात तिच्या नावाची संगमरवरी पाटी बसवावी. दादाला ती कल्पना अगदीच वाईट वाटत नव्हती; मुलाला आईचे नाव कोठेतरी असावेसे वाटणारच. मी मात्र विरोध केला, आणि जिने घेणाऱ्याचे नाव कधी लिहिले नाही तिचे देणारी म्हणून नाव लावणे बरे दिसणार नाही, असे माझे म्हणणे होते. शेवटी आजच्या रवा, तूप, साखर, दक्षिणा आणि धर्मशाळेच्या भाड्यात ते पैसे संपले. वर लागले ते दादाने आपल्या खिशातून घातले. ती वरची रक्कम कोणत्या वहीत लिहायची, हा प्रश्न गाडी सिमरोळचा घाट चढत असताना निघाला आणि अनिर्णित राहिला.

बुधवार, माघ शुद्ध दशमी : इंदूर

श्राद्धविधी सकाळी आटोपला. दुपारी पंगती ओसरीवर आणि गल्लीत बसल्या. आम्ही साठ पानांची तयारी ठेवली होती, लोक त्याहून पुष्कळ आले. आत्याच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, गुरुवारी कृष्णपुऱ्याच्या दत्तमंदिरात तिच्याबरोबर करुणात्रिपदी म्हणणाऱ्या बायका, भाजीवाली, रिक्षावाले. इंदूरला २००१ मध्ये मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा आत्याने घरी उतरवून घेतलेल्या नागपूरच्या एका बाईंनी फोन करून वहिनीला पंधरा मिनिटे बोलण्यात अडकवले, आणि तोवर खीर मीच ढवळत राहिले.

गिरणी कामगारांची ती मुले आता पन्नाशीला टेकली आहेत. एक जण स्वतःचा टेम्पो चालवतो. त्याने सकाळीच सतरंज्या आणि भांडी आणून टाकली आणि भाड्याचे नाव काढू दिले नाही. दुसरा बँकेत आहे. जेवताना ते आपापसात ओसरीवरच्या जागांवरून भांडत होते, कोणी खांबाशी बसायचे आणि कोणी दाराशी. ‘माई पाढे म्हणताना मध्येच थांबवायच्या आणि विचारायच्या, आज घरी जेवून आलास का,’ असे बँकेतल्याने सांगितले. ‘नाही म्हटलं तर पाढा तिथेच माफ, म्हणून आम्ही जेवून आलो तरी नाहीच म्हणायचो.’

वडे संपत आले तेव्हा वहिनीने वरणात दोन तांबे पाणी वाढवले. शेवटच्या पंगतीत बसलेल्या, आत्याच्या वयाच्या एका आजींनी भाताच्या मुदीवर ते ओतून घेतले, एक घास खाल्ला आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘सूनबाई, माईच्या घरी असं पातळ वरण आजवर कधी खाल्लं नव्हतं हं.’ सगळी पंगत हसली. वहिनीने टेम्पोवाल्याला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळले, आणखी दोन किलो तूरडाळ आणवली, आणि कुकर पुन्हा गॅसवर चढला.